तीन शिट्ट्यांची स्की

उत्तेश्वर सुरवसे यांच्या दोन हातांना मिळून दहा बोटं आहेत आणि ही गोष्ट ते कोणालाही ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, दहा तर सगळ्यांनाच असतात. मग उत्तेश्वरराव सांगतात की हडपसरच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे शंभर-शंभर टनांची यंत्रं पत्रा दाबून त्याला आकार देतात आणि पत्रा व बोट यांत ती यंत्रं फरक करत नाहीत. त्या खात्यातून दहाच्या दहा बोटं घेऊन बाहेर पडलेले ते दुसरेच. पहिला कोण, असं कोणी विचारलंच, तर तो हजेरी मांडणारा टाइमकीपर होता, हे ते जरा नाइलाजाने कबूल करतात.

दोन वर्षांपूर्वी कारखाना दुसरीकडे गेला आणि उत्तेश्वररावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. यातली स्वेच्छा कोणाची होती हे कागदावर नमूद नव्हतं. वय त्रेपन्न. पत्नी रुपालीताई एका सहकारी बँकेत असल्यामुळे सकाळी नऊला घर सोडत, मुलगी स्वराली आयटी पार्कातल्या कंपनीत असल्यामुळे साडेनऊला. मागे राहणाऱ्या माणसाकडे स्वयंपाकघर आपोआप आलं. ही व्यवस्था तात्पुरती होती आणि दोन वर्षांनंतरही ती तात्पुरतीच होती. हडपसरशेजारच्या मांजरी गावातल्या त्यांच्या सोसायटीत याचा कोणाला पत्ता नव्हता, कारण दाराची बेल वाजली की उत्तेश्वरराव आधी खांद्यावरचा नॅपकिन काढत आणि मग कडी काढत. सत्तावीस वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला भाजी फोडणीला टाकताना कोणी पाहू नये, एवढी त्यांची माफक इच्छा होती.

स्वरालीला बर्फाचं वेड लागलं होतं. मांजरीत वाढलेल्या मुलीला ते कुठून लागलं, हे घरात कोणालाच कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात रजा टाकून ती उत्तराखंडात औलीला स्कीइंगचा पहिला कोर्स करून आली आणि बी ग्रेड घेऊन परतली. पुढच्या कोर्सला जायचं तर ए लागते. ग्रेड सुधारायला आणखी एक संधी होती, येत्या जानेवारीअखेर. तिचं म्हणणं असं की तिथे मिळालेल्या भाड्याच्या स्की एखाद्या सहा फुटी माणसासाठी केलेल्या होत्या, आणि ती स्वतः पाच फुटांना दोन बोटं कमी. वळायला सांगितलं की स्की विचार करत आणि मग नाही म्हणत.

जेवताना उत्तेश्वररावांनी सहज विचारलं, या स्की असतात तरी कशाच्या. स्वरालीने फोनवर चित्र दाखवलं. मध्ये लाकडाची पट्टी, तिच्या वर-खाली काचेच्या धाग्यांचं कापड, तळाला गुळगुळीत प्लास्टिक, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, हे सगळं रेझिनने चिकटवायचं आणि प्रेसमध्ये दाबून ठेवायचं.

प्रेस हा शब्द त्या घरात दोन वर्षांनी उच्चारला गेला होता. उत्तेश्वररावांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "मी करून देतो."

स्वराली हसली. मग वडील हसत नाहीत हे पाहून थांबली. "करा बाबा," ती म्हणाली, "पण एक लक्षात ठेवा. मी त्याच्यावर उभी राहून डोंगरावरून खाली येणार आहे."

त्या रात्री उत्तेश्वररावांना झोप लागली नाही. भीतीने नव्हे, आनंदाने. दोन वर्षांत कोणी त्यांच्यावर वरणभातापलीकडची कुठली जबाबदारी टाकली नव्हती.

घरगुती प्रेसची रचना सोपी असते, निदान कागदावर. दोन जाड लोखंडी गर्डर, एक खाली आणि एक वर, टोकांना पोलादी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडलेले. मधल्या फटीत स्कीच्या आकाराचा लाकडी साचा, त्यात स्की, आणि साच्याच्या वर आगीच्या बंबाला असतो तसला कॅनव्हासचा चपटा पाइप. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून त्यात हवा भरली की तो फुगू बघतो, वरचा गर्डर त्याला फुगू देत नाही, आणि सगळा जोर खाली स्कीवर येतो. गर्डर भंगारवाल्याकडून आले. पाइपाचं मात्र तसं नव्हतं.

सोसायटीच्या अग्निशामक कपाटातला पाइप नुकताच बदलला होता आणि जुना गच्चीवर पडून होता. त्यात कबुतरांचा संसार होता. तो मागायला उत्तेश्वरराव चेअरमनकडे गेले. चेअरमन हिंमतराव घुले. जिथे सोसायटी उभी आहे तिथे पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा ऊस होता, त्यामुळे सोसायटीच्या कुठल्याही कोपऱ्याबद्दल बोलताना ते आधी तिथे काय पिकायचं ते सांगत. त्यांनी पाइप द्यायला ना म्हटलं नाही. पण तो सोसायटीच्या मालमत्ता नोंदवहीत होता. नोंदवहीतून काढायचा तर भंगार ठरवावा लागेल, भंगार ठरवायचा तर ठराव लागेल, आणि ठरावाला तो भंगार आहे असा अग्निशामक ठेकेदाराचा दाखला लागेल. ठेकेदाराने तपासून पाइप उत्तम असल्याचा दाखला दिला. आता उत्तम वस्तू भंगार कशी ठरवायची, यावर कमिटीची दोन अधिवेशनं झाली आणि शेवटी पाइप भंगार न ठरवता उसना दिला गेला.

दुसरा प्रश्न जागेचा. उत्तेश्वररावांच्या पार्किंगमध्ये एक स्कूटर होती आणि बाकीची जागा रिकामी होती. पण नियमाप्रमाणे पार्किंगमध्ये वाहनाखेरीज काही ठेवता येत नव्हतं.

"हे वाहन हाय का?" हिंमतरावांनी विचारलं.

उत्तेश्वररावांनी थोडा विचार करून सांगितलं की प्रेस वाहन नाही, पण त्यातून निघेल ते वाहन असेल. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, बर्फावरील वाहन, चाके नसलेले, दोन नग, जुळणी चालू. विषय मंजूर झाला. पोलादी कडा परदेशातून मागवल्या होत्या, त्यांचं पार्सल कस्टमच्या कार्यालयात अडकलं होतं. धारेची एवढी लांब पाती पाहून तिथल्या साहेबांनी ही हत्यारं नाहीत असं हमीपत्र मागितलं. उत्तेश्वररावांनी ते दिलं, वर आपली दहा बोटंही दाखवली. साहेबांनी ठसा एकाच बोटाचा घेतला.

सोसायटीतले वैशंपायन याच सुमाराला रंगात आले. वैशंपायनांची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून ते मांजरीला तात्पुरते राहायला आले होते, त्याला आता सहा वर्षं झाली होती. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले आणि रोज संध्याकाळी प्रेसपाशी हात मागे बांधून उभे राहत. "पुण्यात बर्फ पडण्याची शक्यता," ते म्हणत, "माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तरी वर्तवली गेली नाही." उत्तेश्वररावांनी सांगितलं की स्की औलीला जाणार आहेत. "अस्सं," वैशंपायन म्हणाले, "म्हणजे पुरावा इथे राहणार नाही."

अशा बोलण्याला उत्तेश्वरराव कृतीने उत्तर देत. त्यांनी प्रेसभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारली. कारखाना हलताना भंगारातून वाचवलेला 'सुरक्षितता प्रथम'चा बोर्ड खांबाला लावला. रेझिनसाठी हातमोजे, काचेचं कापड कापताना आणि घासताना मास्क, प्रेसपुढे जाड प्लायवूडचा आडोसा. आणि हवा भरण्याआधी पाण्याची चाचणी, कारण हवेने भरलेला पाइप फुटला तर तो बॉम्बसारखा फुटतो, पाण्याने भरलेला फुटला तर फार तर माणूस भिजतो. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत.

चाचणीत पाइपाचं एक तोंड सुटलं आणि पाण्याची धार आडोसा चुकवून दोन गाळे पलीकडे हिंमतरावांच्या पांढऱ्या गाडीवर बसली. हिंमतराव खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. "ह्या अंगाने चांगली निघाली," ते म्हणाले. "मागची बाजू ऱ्हायली." उत्तेश्वररावांनी गाडीची मागची बाजू धुतली आणि धुताना सांगितलं की हवा असती तर काच गेली असती. सुरक्षिततेचा मुद्दा सिद्ध झाला होता, पण तो मान्य करायच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हतं. पाइपाच्या तोंडांना आता चारऐवजी आठ बोल्ट लागले आणि दुसऱ्या चाचणीत थेंबही गळला नाही.

राहिला दाब. पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या कॉम्प्रेसरच्या काट्यावर उत्तेश्वररावांचा विश्वास नव्हता. काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची बोटं त्यांनी मोजली होती. त्यांना अशी झडप हवी होती की दाब ठरावीक मर्यादेवर गेला की ती आपणहून जादा हवा सोडेल. दुकानांतून मिळणाऱ्या झडपा फारच मोठ्या दाबाच्या होत्या. दर चौरस सेंटीमीटरला एक किलो एवढाच त्यांना पुरे होता, कारण दीडशे सेंटीमीटरच्या स्कीवर तेवढ्यानेही दीड टन वजन बसतं. तीन दिवस ते या विवंचनेत होते. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभे असताना समोरच्या कुकरने शिट्टी दिली आणि उत्तेश्वरराव त्याच्याकडे बघतच राहिले. कुकरची शिट्टी बरोबर त्याच दाबाला उचलते. लाखो घरांत रोज दोनदा ती उचलते आणि कोणाचं बोट जात नाही.

त्यांनी कुकरची शिट्टी आणि तिची नळी काढून पाइपाच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवर बसवली. जुन्याच कुकरची घेतलीत ना, असं रुपालीताईंनी विचारलं. ते हो म्हणाले. संध्याकाळी नवा कुकर हातात घेतल्यावर रुपालीताई काही बोलल्या नाहीत, आणि सबंध आठवडाभर बोलल्या नाहीत.

हवेची पहिली चाचणी बुधवारी सकाळी साडेदहाला झाली आणि ती पूर्ण यशस्वी झाली. कॉम्प्रेसर हवा भरत राहिला, दाब वाढला की शिट्टी उचलायची, सूं करून जादा हवा सोडायची आणि पुन्हा बसायची. खणखणीत, थेट कुकरसारखी. उत्तेश्वरराव डोळे मिटून ऐकत होते. ती शिट्टी डक्टमधून वर सातही मजल्यांच्या स्वयंपाकघरांत पोचत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

साडेबाराला पहिल्या मजल्यावरच्या तुळजाबाई खाली आल्या. वय पंचाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. हातात वाटी होती. वाटी त्यांनी प्रेसवर ठेवली आणि त्यातली डाळ खाऊन बघायला सांगितलं. उत्तेश्वररावांनी एक दाणा चावला. तो कडक होता.

"कच्ची हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला म्या. त्यातली माझ्या कुकरची एक, तुमच्या दोन."

तो प्रकार एकट्या त्यांचा नव्हता. त्या दुपारी बी विंगमध्ये एकाही घरात डाळ शिजली नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी वैशंपायनांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना लागली, की तळमजल्यावरील शिट्ट्या स्वयंपाकाच्या नाहीत, तरी गृहिणींनी आपापल्या कुकरशी एकनिष्ठ राहावे. खाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, गृहस्थांनीही. ते अक्षर रुपालीताईंसारखं दिसत होतं, पण त्या बोलत नसल्यामुळे विचारता आलं नाही.

पहिली स्की रविवारी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाबायची ठरली. रविवारी रुपालीताईंना सुट्टी होती आणि त्यांनी अबोला सोडला होता. नुसता सोडला नव्हता, तर आपल्या जुन्या हिरव्या इरकलीचा तुकडा कापून आणला होता. स्कीच्या वर कापड घालतात आणि ते पारदर्शक रेझिनमधून दिसतं, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. "पोरगी एवढ्या थंडीत जाणार," त्या म्हणाल्या, "घरचं काहीतरी अंगावर असू दे." उत्तेश्वररावांनी तो तुकडा घेतला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळे थर साच्यात बसले, वरचा गर्डर आला, बोल्ट आवळले गेले आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. रेझिन घट्ट व्हायला आठ तास लागणार होते आणि आठही तास दाब टिकायला हवा होता. स्वरालीने आठवण म्हणून आपला जुना फोन चित्रीकरणाला लावून खांबाच्या खिळ्याला अडकवला आणि आईबरोबर वर गेली. पिवळ्या रेघेबाहेर हिंमतराव आणि वैशंपायन उभे होते. एवढा श्रोतृवर्ग उत्तेश्वररावांना दोन वर्षांत मिळाला नव्हता. प्रेसकडे पाठ करून त्यांनी सुरक्षिततेवर बोलायला सुरुवात केली. मोठ्या प्रेसला दोन बटणं का असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय यंत्र का चालत नाही, हे त्यांनी हवेत दोन्ही हात धरून दाखवलं. शिट्टी झाली. बोलणं चालू राहिलं. दुसरी झाली, तिसरी झाली. पावणेबाराला व्याख्यान संपलं, रेघ ओलांडायची नाही असं बजावून उत्तेश्वरराव जेवायला वर गेले.

दीड वाजता खाली आले तेव्हा पाइप निपचित पडला होता. काटा शून्यावर. कॉम्प्रेसरचं बटण बंद.

स्की संध्याकाळी सव्वासातला बाहेर काढली. दिसायला ती देखणी होती, हिरवी इरकल चमकत होती. पण मधोमध टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा. तिथे थर सुटले होते आणि पुरी फुगावी तसा हातभर फुगवटा आला होता. स्वरालीने तीन वेळा टिचकी मारली. मग अगदी हळू म्हणाली, "राहू दे बाबा. तिथे भाड्याने मिळतात."

उत्तेश्वररावांना फार लागलं ते हे वाक्य. कारखाना गेला तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

आणि लागलं की माणूस कोणावर तरी धावून जातो. वीज गेली नव्हती. बटण आपोआप बंद होत नाही. म्हणजे ते कोणीतरी रेघ ओलांडून बंद केलं होतं. उत्तेश्वररावांनी चेअरमनना दोन पानी अर्ज लिहिला. त्यात घातपात हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा तो अधोरेखित होता. नाव कोणाचं घेतलं नव्हतं. फक्त, डाळीच्या प्रकरणावरून मनात राग धरून असलेली पहिल्या मजल्यावरील एक ज्येष्ठ महिला, एवढाच उल्लेख होता. ते वाचून कोणाला विचार करावा लागला नाही. तुळजाबाईंनी दार लावून घेतलं. रोज संध्याकाळी पार्किंगच्या कट्ट्यावर बसायच्या, त्या दिसेनाशा झाल्या. हिंमतरावांनी गुरुवारी खास सभा बोलावली. स्वरालीची गाडी पुढच्या बुधवारी होती.

बुधवारी संध्याकाळी स्वराली कामावरून आली ती थेट स्वयंपाकघरात. उत्तेश्वरराव कणीक मळत होते. तिने जुना फोन ओट्यावर उभा केला. फोनमधली जागा संपेपर्यंत, म्हणजे पहिली चाळीस मिनिटं, त्याने इमानदारीने चित्रीकरण केलं होतं आणि ते बघायचं कोणाला सुचलं नव्हतं.

पडद्यावर उत्तेश्वरराव होते, पाठमोरे नव्हे, चांगले समोरून. दोन्ही हात हवेत. "दोन्ही हात गुंतलेले असले," पडद्यावरचे उत्तेश्वरराव सांगत होते, "म्हणजे चूक होणारच नाही." शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. तिसरी शिट्टी विरायच्या आत त्यांचा उजवा हात खाली आला, न बघता मागे गेला, कॉम्प्रेसरचं बटण शोधून ते बंद केलं, खांद्यावर जिथे नॅपकिन असतो तिथे पुसल्यासारखा झाला आणि परत हवेत जाऊन आपल्या जागी उभा राहिला. बोलणं एका शब्दानेही तुटलं नव्हतं. समोर हिंमतराव आणि वैशंपायन डोळे उघडे ठेवून बघत होते आणि त्यांनाही काही वावगं दिसलं नव्हतं. तिसऱ्या शिट्टीनंतर शांत होणं, यात कोणाच्याच कानाला खटकण्यासारखं काही नसतं.

उत्तेश्वररावांनी ते तीनदा पाहिलं. मग कणकेने भरलेला आपला उजवा हात पाहिला. दहा बोटं होती.

"डिलीट करू?" स्वरालीने विचारलं.

डिलीट केलं तर कोणाला कळणार नव्हतं. केलं नाही, तर सबंध सोसायटीला कळणार होतं की सुरवसे यांच्या हाताला आता प्रेसची नाही, कुकरची सवय आहे. पण खाली एक म्हातारी दार लावून बसली होती. "आत्ता नको," ते म्हणाले आणि कणीक मळू लागले.

सभेला अठ्ठावीस माणसं होती. वार्षिक सभेलाही एवढी येत नसत. तुळजाबाई नातीचा हात धरून आल्या होत्या आणि कोणाकडे बघत नव्हत्या. हिंमतरावांनी अर्ज वाचायला घेतला तसे उत्तेश्वरराव उभे राहिले.

"बटण मी बंद केलं," ते म्हणाले.

"आपण?" वैशंपायन म्हणाले. "का?"

"तिसरी शिट्टी झाली."

अधिक खुलासा कोणी मागितला नाही. अठ्ठावीस माणसांपैकी निम्म्यांचा हात मांडीवरच किंचित हलला. वैशंपायनांनी घसा साफ केला. "म्हणजे घरी स्वयंपाक आपण करता," ते म्हणाले.

"दोन वर्षं झाली."

वैशंपायनांना यावर नक्की काहीतरी सुचलं असणार, पण सदाशिव पेठेच्या इतिहासात प्रथमच ते बोलले नाहीत. उत्तेश्वरराव तुळजाबाईंकडे वळले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमच्यावर आळ घ्यायला नको होता."

तुळजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "तूरडाळीला किती शिट्ट्या करता?" त्यांनी विचारलं.

"चार. मग पाच मिनिटं बारीक गॅस."

"भिजवत न्हाई तुम्ही. भिजवली की तीन बास व्हत्यात," त्या म्हणाल्या. मग नातीला उठवत त्यांनी विचारलं, "परत कधी दाबायची हाय? मी बसते ध्यान ठेवून. तुमच्यावर सोडण्यात अर्थ न्हाई."

शनिवारी आणि रविवारी दोन्ही स्की झाल्या. पहिलीचा फुगवटा तापवलेल्या पात्याने उघडून, आतून घासून, नवं रेझिन भरून ती पुन्हा दाबली. कॉम्प्रेसरच्या बटणावर रुपालीताईंनी स्टीलचा डबा उपडा घालून दोरीने बांधला होता. पिवळ्या रेघेबाहेर खुर्चीवर तुळजाबाई काठी घेऊन बसल्या होत्या आणि उत्तेश्वररावांचा हात उगीच हलला तरी काठी जमिनीवर आपटत होत्या. बी विंगने दोन्ही दिवस पिठलं-भाकरी केली, कारण पिठल्याला शिट्टी लागत नाही. संध्याकाळी उत्तेश्वररावांनी एकेक स्की दोन विटांवर आडवी ठेवली आणि स्वतः मध्यावर उभे राहिले. ती वाकली, कुरकुरली नाही, आणि ते उतरल्यावर होती तशी झाली. टिचकीचा आवाज भरीव होता. उजवीवर फक्त हाताला लागेल न लागेल असा उंचवटा राहिला होता. तो त्यांनी स्वरालीपासून लपवला नाही.

"मी उजव्या पायात हीच घालणार," ती म्हणाली. बुधवारी ती गेली. स्की जुन्या गोधडीत गुंडाळल्या होत्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस उत्तेश्वररावांनी फोनवर स्कीचं नावही काढलं नाही. जेवण काय मिळतं, थंडी किती आहे, एवढंच विचारलं. वैशंपायनांनी औलीचं हवामान रोज न मागता सांगितलं आणि एकदाही टोमणा मारला नाही, याने उत्तेश्वररावांची काळजी उलट वाढली.

परीक्षेचा दिवस आणि वेळ साऱ्या बी विंगला ठाऊक होती. त्या दिवशी सकाळी साडेअकराला त्यांनी कुकर चढवला आणि फोन वाजला. स्वरालीच्या आवाजामागे वारा होता. "बाबा, मी वर उभी आहे," ती म्हणाली. "पुढचा नंबर माझा. फोन खिशात ठेवते, बंद करत नाही. तुम्ही नुसतं ऐका."

उत्तेश्वररावांनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. आधी कापडाची खसखस ऐकू आली, मग कोणीतरी हिंदीत काही ओरडलं, आणि मग एक लांबलचक सपासप आवाज सुरू झाला. तो मध्येच थांबायचा, वळायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ओट्यावर पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. उत्तेश्वरराव हलले नाहीत. त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. चौथी झाली, पाचवी झाली, भाताचा वास बदलला. सपासप आवाज चालूच होता आणि प्रत्येक वळणाला त्यांना उजव्या स्कीचा उंचवटा आपल्याच तळपायाखाली लागत होता. सातवी झाली. आठवी झाली. मग आवाज एकदम मोठा झाला, खसकन थांबला, आणि फोनमध्ये फक्त कोणाचा तरी धापा टाकलेला श्वास आला.

"आले खाली," स्वराली म्हणाली. "उभी आहे."

नववी शिट्टी झाली. त्याच वेळी भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. त्यांनी फोन तसाच एका कानाशी धरला आणि इंटरकॉम उचलून दुसऱ्या कानाला लावला. तुळजाबाई होत्या.

"नऊ झाल्या," त्या म्हणाल्या. "आली का पोरगी खाली?"

"आली."

"पडली न्हाई ना?"

"नाही."

"मग गॅस बंद करा आता."